हजार कोटी ताटं आणि आपली भाकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात वाढले. बचत गटांच्या बैठकांत, शाळांत आणि शेतकरी मेळाव्यांत आहार आणि पिकं यांविषयी बोलायला जाते. माझं बोलणं संपून चहा आला की खरे प्रश्न सुरू होतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे उतरवले आहेत. काहींना दोन वाक्यं पुरली, काहींना बरंच लिहावं लागलं.

जगाची लोकसंख्या एवढी वाढतेय. सगळ्यांना पुरेल एवढं अन्न पिकणार आहे का?

नुसतं पिकण्याबद्दल विचाराल तर आजही पिकतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात ती साधारण १,०३० कोटींवर पोहोचेल आणि मग हळूहळू उतरू लागेल. म्हणजे आणखी दोनशे कोटींच्या आसपास ताटं वाढायची आहेत. आकडा मोठा आहे, पण त्याला शेवट आहे.

आता धान्य बघा. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन तृणधान्य होतं. माणशी भागलं तर वर्षाला साडेतीन क्विंटल, म्हणजे रोजचं जवळजवळ किलोभर. एवढं धान्य कोणी खात नाही. यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कोंबड्या, डुकरं आणि गुरांच्या पोटात जातो, आणि बऱ्याच मक्याचं इथेनॉल होतं.

लोकसंख्या धान्याला मागे टाकील ही भीती नवी नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने ती १७९८ मध्येच मांडली होती. आपल्या देशात १९५०-५१ साली सुमारे ५ कोटी टन अन्नधान्य पिकत होतं आणि खाणारे ३६ कोटी होते. २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टन पिकलं, खाणारे १४० कोटींच्या वर. तोंडं चौपट झाली, धान्य साडेसहापट झालं. म्हणून ‘पुरेल का’ या प्रश्नाशी मी फार थांबत नाही. काय पिकतंय, कोणाच्या पाण्यावर पिकतंय आणि कोणाच्या ताटात जातंय, हे तीन प्रश्न मला जास्त छळतात.

एवढं धान्य आहे तर लोक उपाशी का राहतात?

कारण धान्य बाजारात असतं आणि भुकेल्याच्या खिशात पैसे नसतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी तो दुष्काळ लहानपणी पाहिला होता. पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी दाखवून दिलं की त्या वर्षी बंगालमध्ये तांदूळ काही एवढा कमी नव्हता. युद्धामुळे भाव भडकले, शेतमजूर, कोळी, नावाडी यांची मजुरी मात्र होती तिथेच राहिली. पिकवणारे आणि वाहून नेणारेच आधी मेले.

आजचं चित्रही फार वेगळं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसं भुकेली होती. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: जवळपास २६० कोटी लोकांना पौष्टिक जेवण परवडत नव्हतं. ही माणसं उपाशी झोपत नाहीत. भात खातात, चपाती खातात. त्यांच्या ताटात डाळ पातळ असते, भाजी नावापुरती असते आणि फळ सणासुदीला येतं. दुसरीकडे लठ्ठपणा असलेल्यांची संख्याही १०० कोटींच्या पुढे गेली आहे. कितीतरी घरांत दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात: आईचं वजन जास्त, रक्त कमी आणि लेकराची उंची वयाच्या मानाने खुंटलेली.

म्हणजे हरितक्रांती चुकली का?

नाही. हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण १९७२ च्या दुष्काळानंतर जन्मलेले असतात. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, तोही ज्वारीचाच एक प्रकार, पण त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. कामावर सुकडी वाटली जायची. आजी शेवटपर्यंत ताटात घास टाकू देत नसे आणि कारण विचारलं तर एकच शब्द बोलायची: “बहात्तर.”

त्याआधीची काही वर्षं देश अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर जगत होता. नॉर्मन बोरलॉग यांचा बुटका मेक्सिकन गहू, फिलिपिन्समधून १९६६ मध्ये आलेली आय.आर. ८ भाताची जात, एम. एस. स्वामिनाथन यांचं संशोधन आणि कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी घेतलेला निर्णय, यांनी ती जहाजं थांबवली. हे ऋण मोठं आहे. ज्यांनी भूक पाहिलेली नाही त्यांनी ते हलक्यात उडवू नये.

बहात्तरची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या दुष्काळात महाराष्ट्रात बंगालसारखी माणसं मेली नाहीत, आणि त्याचं मोठं श्रेय रोजगार हमीच्या कामांना जातं. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते: हाताला काम मिळालं, हातात मजुरी आली आणि मजुरीने मिलो का होईना विकत घेता आला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. सेन यांनी बंगालबद्दल जे म्हटलं तेच इथे उलट्या बाजूने सिद्ध झालं.

हरितक्रांतीत राहून गेलं ते हे: गहू आणि भात यांना बियाणं, पाणी, खत, हमीभाव आणि सरकारी खरेदी असं सगळं मिळालं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, हुलगे, करडई, जवस यांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. सगळं बळ दोन पिकांमागे लावलं आणि बाकीची बांधावर उभी राहिली. आज जगाला वनस्पतींपासून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याहून जास्त गहू, तांदूळ आणि मका या तीन पिकांतून येतात. पोट भरण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला, पोषणाचा तसाच राहिला.

पोषण नेमकं कुठे कमी पडतं? आमच्याकडे तर सगळे पोटभर जेवतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पुणे-मुंबई ज्या राज्यात आहेत त्या राज्याचे हे आकडे आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २,००० उष्मांकांचं एक नमुन्याचं ताट सांगितलं. दिवसभरात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तीळ-जवस यांसारख्या तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप. बैठकीत मी हे सगळं कच्चं मोजून परातीत मांडते. धान्याचा ढीग पाहून बायका म्हणतात, “एवढंच?” आणि भाजीचा ढीग पाहून म्हणतात, “एवढी?” आपलं ताट कुठे चुकतं ते त्या दोन शब्दांत आलं.

सगळ्या जगासाठी म्हणून एक आहार सुचवला गेला होता. तो आपल्याला लागू पडतो का?

जानेवारी २०१९ मध्ये ‘ईट-लॅन्सेट’ आयोगाने तो मांडला. १६ देशांतल्या ३७ शास्त्रज्ञांनी हिशेब केला की माणसांची तब्येत आणि पृथ्वीची तब्येत दोन्ही सांभाळायच्या तर ताट कसं असावं. भरपूर भाज्या, फळं, अखंड धान्य, कडधान्यं, दाणे-बिया, दूध बेताचं, गाय-बैल, डुक्कर, मेंढी यांचं मांस दिवसाला सरासरी १४ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला शंभरेक ग्रॅम. अमेरिकी माणसाला हे कठोर वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत एवढं मांस मुळात शिजतच नाही.

आक्षेप आला तो वेगळ्या बाजूने. नंतरच्या एका अभ्यासात दिसलं की जगातल्या किमान १५८ कोटी लोकांच्या कमाईत हे ताट बसतच नाही, कारण फळं, भाज्या, दूध आणि दाणे महाग. म्हणून परदेशी तक्ता भिंतीवर टांगण्यापेक्षा मी आमच्याकडचं जुनं ताट पुढे ठेवते: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण किंवा हुलग्याचं माडगं, अंबाडीची नाहीतर शेवग्याच्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी, कांदा आणि ताक. त्यात फळाची कमी आहे. ती बोरं, पेरू, चिंच, कवठ, सीताफळ अशा बांधावरच्या फळांनी पूर्वी भरून निघायची. आता बांधच उरले नाहीत.

मग सगळ्यांनी शाकाहारी व्हायचं का?

मी असं कधीच म्हणणार नाही. गुरांसाठी जंगल तोडणं, माणसाने खाण्यासारखं धान्य जनावराला चारून त्याचं मांस करणं, हे जगाला न झेपणारं आहे. पण माणदेशातली किंवा धाराशिवकडची शेळी माळावरचा पाला खाते. तो पाला माणसाच्या कामाचा नाही. शेळी त्याचं दूध आणि मटण करते, लेंडीखत देते आणि अडीअडचणीला विकता येते. भूमिहीन बाईची ती बँक आहे. परसातली कोंबडी किडे-मुंग्या खाऊन अंडं देते, आणि वाढत्या मुलाला अंड्याएवढं सोयीचं अन्न कमीच.

कोकण-गोव्यात बांगडा आणि तारली वर्षानुवर्षं गरिबाला प्रथिनं पुरवत आल्या आहेत. तिथला धोका वेगळा आहे. बारीक जाळ्यांनी पिल्लं ओढली जातात आणि मासळीच्या कुटीसाठी कारखान्यांना जातात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी पाळणं आणि पूर्ण न वाढलेला मासा विकत न घेणं, एवढं गिऱ्हाईक करू शकतं.

डाळींवर तुम्ही एवढा भर का देता?

कारण ताट, जमीन आणि शेतकरी या तिघांचं काम एकाच दाण्यात होतं. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन जमिनीत धरून ठेवतात, युरियाची गरज कमी होते. तुरीचं मूळ खोल जातं, वरचा थर सुकला तरी झाड तग धरतं. पानगळ रानातच कुजते. आणि ताटात, ज्वारी-गव्हात जे लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर असतं. डाळीत कमी असलेलं मेथिओनिन धान्यात मिळतं. भाकरी-वरण, डाळ-भात, बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ या जोड्या कोण्या शास्त्रज्ञाने लावून दिल्या नव्हत्या.

आमच्याकडे ज्वारीच्या रानात चार-सहा ओळींनंतर तुरीचा पाटा असायचा. एक पीक गेलं तरी दुसरं घरात यायचं. आता सलग सोयाबीन आहे.

भारत जगात सर्वांत जास्त डाळी पिकवतो, सर्वांत जास्त खातो आणि सर्वांत जास्त आयातही करतो. २०२४-२५ मध्ये ६५ लाख टनांहून जास्त डाळी आणि वाटाणे बाहेरून आले. तूर म्यानमार, मोझांबिक, टांझानियातून. पिवळा वाटाणा कॅनडा, रशियातून. भाव चढला की आयात मोकळी होते आणि नेमकी आमची तूर लातूरच्या बाजारात यायच्या वेळी भाव पडलेला असतो. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला. जाहीर होणं आणि खरेदी होणं यांत किती अंतर आहे ते आडतीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शहरातल्या बाईला डाळ परवडली पाहिजे हे मला पटतं. पण त्याची किंमत दर वेळी औसा-निलंग्याच्या शेतकऱ्यानेच का मोजायची?

ज्वारी-बाजरी खरोखर गव्हा-तांदळापेक्षा चांगली, की ही नुसती हवा आहे?

थोडी हवा आहेच. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, त्यानंतर ज्वारीचे पोहे आणि नाचणीची बिस्किटं मॉलमध्ये आली. मैदा आणि साखर घालून केलेलं बिस्किट नाचणीच्या नावाने पौष्टिक होत नाही.

खरी गोष्ट पीकनिहाय वेगळी आहे. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. बाजरीत १०० ग्रॅमला ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. ज्वारीचं लोह मात्र कणकेएवढंच. त्यामुळे ‘ज्वारीने रक्त वाढतं’ असं मी सांगत नाही. हे लोह अंगी लागायचं तर भाकरीबरोबर लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो घ्यावा आणि जेवणाला लागून चहा पिऊ नये. हा साधा सल्ला बैठकीत सर्वांत जास्त विरोध ओढवून घेतो!

इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने बाजरीची ‘धनशक्ती’ ही जास्त लोहाची जात आणली. साध्या निवड पद्धतीने तयार झालेली जात आहे. बी घरचं धरता येतं. अशी जात गावोगाव का पोहोचली नाही याचं मला वाईट वाटतं.

मधुमेह असेल तर भाकरीत तंतू जास्त आणि ती सावकाश पचते, हा फायदा आहे. पण चार चपात्यांऐवजी चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी भाकरीच्या भरवशावर बंद करू नये.

एवढी गुणी आहे तर शेतकऱ्यांनी ज्वारी का सोडली?

हा प्रश्न शहरात विचारला जातो, आणि थोडासा रागावल्यासारखा विचारला जातो. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात ६० लाख हेक्टरांच्या वर ज्वारी होती. आज त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी राहिली आहे. कारण एक नाही.

खरिपाची संकरित ज्वारी उत्पन्नाला चांगली, पण कणसात दाणा भरल्यावर परतीचा पाऊस लागला की काळी पडते. काळ्या ज्वारीला भाव नाही. सोयाबीन आलं, तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा देऊ लागलं आणि खरीप ज्वारी गेली. रब्बीच्या ज्वारीची अडचण काढणीची. गव्हाला हार्वेस्टर मिळतो, ज्वारी अजून बहुतेक ठिकाणी हाताने उपटावी लागते. पाठ मोडणारं काम, आणि आता त्याला मजूर मिळत नाही. मग पाखरं. सगळं शिवार ज्वारीचं असायचं तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत वाटला जायचा. आता गावात दोघांचीच ज्वारी असेल तर गावची सगळी पाखरं त्या दोघांच्या रानात उतरतात. दिवसभर गोफण घेऊन माळ्यावर कोण उभं राहणार? गुरं कमी झाली तशी घरच्या कडब्याची गरजही कमी झाली. आणि रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळू लागल्यावर घरच्या भाकरीसाठी एवढा खटाटोप करणं शेतकऱ्यालाच परवडेना.

तरीही मंगळवेढ्याचं शिवार बघून या. पाऊस संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भारी काळ्या रानात मालदांडी ही रब्बी ज्वारीची जात पेरतात. तिथून काढणीपर्यंत एकही पाणी न देता, जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती पिकते. ताण पडला की ज्वारी वाढ थांबवून गप्प उभी राहते, ओल मिळाली की पुन्हा चालू लागते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली एम ३५-१ ही मालदांडी जवळजवळ नव्वद वर्षं शेतात टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कमी पाण्यात अन्न कसं पिकवायचं याचं उत्तर जग शोधतंय, आणि ते आमच्याकडे आजोबांच्या तिफणीपासून आहे.

भावही आता वळतोय. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये होता, गव्हाचा २,४२५. पण सरकारी खरेदीची खात्री गव्हाला आहे, ज्वारीला नाही. आणि शेतकरी नुसत्या भावावर पेरत नाही, खात्रीवर पेरतो.

कमी पाण्याचा हाच न्याय उसाला लावला तर?

लावलाच पाहिजे. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालानुसार महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी तो घेतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता.

पण उसाच्या शेतकऱ्याला पाणीचोर म्हणणाऱ्यांशी मी भांडते. गारपीट झाली, भाव पडले, पाऊस लांबला तरी ऊस उभा राहतो आणि कारखाना ठरलेल्या दराने नेतो. दुसऱ्या कुठल्या पिकाला ही हमी आहे? तुरीला आणि ज्वारीला अशी खात्री द्या, ठिबक सक्तीचं करा, मग उसाला नावं ठेवा.

रासायनिक खतं पूर्ण बंद करून सेंद्रिय शेतीवर जगाला जेवू घालता येईल का?

एका झटक्यात नाही. हाबर आणि बॉश या जर्मन शास्त्रज्ञांच्या पद्धतीने हवेतल्या नायट्रोजनपासून खत करता येऊ लागलं. आज जगातली जवळपास निम्मी माणसं त्या खतावर पिकलेल्या अन्नावर जगतात. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली, भाताचं पीक घसरलं, तांदूळ आयात करावा लागला आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. प्रयोगाची किंमत गरिबांनी मोजली.

पण युरिया स्वस्त म्हणून पोत्यावर पोतं ओतणं हाही वेडेपणाच. पिकाने न घेतलेला नायट्रोजन विहिरीत उतरतो आणि हवेत नायट्रस ऑक्साइड होऊन जातो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. माती तपासून खत द्या, शेणखत-कंपोस्ट वाढवा, दर दोन पिकांत एक शेंगवर्गीय घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली, त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. वाल, घेवडा, नाचणी, भात अशी त्यांची बियाणी परसबागेत कमी खतात येतात. अशा जागी सेंद्रिय शेती आजच शक्य आहे.

जनुकबदल केलेल्या पिकांबद्दल तुमचं मत काय?

जात कोणत्या तंत्राने केली यापेक्षा बी कोणाच्या हातात राहतं आणि ते कोणत्या अडचणीवर उत्तर आहे, हे मी आधी बघते. अळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेलं बीटी वांगं आपल्याकडे २०१० पासून थांबलेलं आहे, बांगलादेशात २०१४ पासून पेरलं जातं. प्रत्येक जात वेगळी तपासावी, सरसकट हो किंवा नाही म्हणू नये.

हवामान बदलल्यावर काय होईल?

अवेळी पाऊस आणि उन्हाचे तडाखे तर दिसतातच. न दिसणारी गोष्ट सांगते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू आणि तांदूळ यांच्या दाण्यात प्रथिनं, जस्त आणि लोह थोडं थोडं कमी होतं, हे वाढीव वायूखाली पिकं घेऊन पाहिलेलं आहे. ज्वारी-मका या गटाच्या पिकांवर हा परिणाम बराच कमी दिसतो. पेरणी तीच, खत तेच, पोतं तेवढंच भरतं, आणि घासातलं सत्त्व मात्र उतरतं.

आणि दूरचं संकट पिशवीत यायला वेळ लागत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि सूर्यफुलाच्या तेलाचा डबा आमच्या गावात महागला. करडई आणि कारळ्याचं घाण्याचं तेल घरात असतं तर एवढी झळ लागली नसती. आमच्या सोलापूर भागात रब्बी ज्वारीत करडईच्या ओळी असायच्याच.

अन्न वाया जातं ते वाचवलं तर किती फरक पडेल?

खूप. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ मध्ये घरं, हॉटेलं आणि दुकानांत मिळून १०५ कोटी टन अन्न फेकलं गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. त्याआधी शेत ते बाजार या वाटेवर सांडतं, सडतं ते वेगळंच. उन्हाळ कांदा साध्या चाळीत पाच-सहा महिने ठेवला तर ३०-४० टक्क्यांपर्यंत घट येते.

पूर्वी गावात जमिनीखाली धान्याची पेवं असत, घरात कणगी आणि बळदं असत, दाण्यात कडुनिंबाचा पाला असे. आता हवाबंद पिशव्या मिळतात, औषधाशिवाय डाळ वर्षभर किडत नाही. बचत गटाने मिळून घेतल्या तर महाग पडत नाहीत.

लग्नाच्या पंगतीबद्दल वेगळं काय सांगू? जिथे पंगत बसवून वाढतात तिथे उष्टं कमी निघतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सरकारने काय करावं असं तुम्हाला वाटतं?

रेशनवर आणि अंगणवाडीत स्थानिक धान्य व डाळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद पहिल्यापासून आहे. कर्नाटक नाचणी आणि ज्वारी रेशनवर देतो. ओडिशाने २०१७ पासून नाचणीची मोहीम चालवली, शेतकऱ्यांकडून खरेदी केली आणि अंगणवाडीत नाचणीचे लाडू दिले. आपल्या राज्यातल्या पोषण आहारात मालदांडी, हुलगे आणि तूर नेमाने खरेदी होऊ लागली तर पेरणी आपोआप वाढेल. माझी दुसरी मागणी आहे ती बाईला परवडणाऱ्या किमतीचं, ज्वारी कापणारं छोटं यंत्र.

आम्ही इंग्लंड-अमेरिकेत राहतो. ज्वारीचं पीठ भारतातून मागवावं का?

आवडीसाठी जरूर घ्या, जहाजाने येणाऱ्या कोरड्या धान्याचा पर्यावरणावर फार भार नसतो. विमानाने येणाऱ्या ताज्या फळाचा बराच असतो. पण आजूबाजूलाही बघा. अमेरिका स्वतः जगातल्या सर्वांत मोठ्या ज्वारी उत्पादकांपैकी एक आहे, कॅन्सस राज्यात अफाट ज्वारी पिकते. तिथे ती जनावरांना आणि इथेनॉलला जाते. ब्रिटनमध्ये बाकला शेंगांचे दाणे पिकतात आणि बरेचसे इजिप्तला निर्यात होतात. गोडा मसाला घालून त्यांची उसळ करून पाहा. कॅनडातल्या सस्काचेवानची मसूर तर आपण इथे खातोच.

सगळं पटलं. पण मला भाकरी थापता येत नाही. काय करू?

हा प्रश्न शेवटी, हळू आवाजात येतो, आणि तरुण मुलींइतकाच हल्ली मुलांकडूनही येतो. त्याचा मला फार आनंद होतो.

पीठ ताजं हवं. दळून पंधरा दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि भाकरी काठाला चिरते. बाजरीचं पीठ तर कडूच होतं, ते आठवड्यापुरतंच दळा. नवख्या हाताने उकड काढावी: परातीत पीठ घेऊन मधे खळगा करा, त्यात कडकडीत पाणी घाला, चमच्याने कालवून पाच मिनिटं झाका. मग तळहाताच्या टाचेने दाबून दाबून मळा. लोण्यासारखं मऊ व्हायला हवं. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळा. परातीत कोरडं पीठ जास्त पसरा, कंजूषी करू नका. बोटांनी कडेकडेने थापत गोल फिरवत जा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्या, तिच्यावर ओल्या हाताने पाणी फिरवा आणि ते पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटा. दुसरी बाजू नीट भाजली की विस्तवावर धरा.

पहिल्या दहा भाकऱ्या नकाशासारख्या होतील. त्या ताकात कुस्करून, वर लसणाची फोडणी घालून खा.